बॅटरी ६० टक्के दाखवते आणि कॅमेरा बंद पडतो: थर्ड पार्टी बॅटरीचा दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

पडद्यावर ६० टक्के. शटर अर्धं दाबलं, लेन्सची मोटर फिरली आणि कॅमेरा एकदम बंद. बॅटरी काढून परत घातली की ५५ टक्के दाखवतो, दोन-चार फोटो काढू देतो आणि पुन्हा मान टाकतो. थर्ड पार्टी, म्हणजे कॅमेरा कंपनीऐवजी दुसऱ्याच उत्पादकाची, बॅटरी वापरणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. माझ्याकडे हा प्रकार तीन वेगवेगळ्या कॅमेरा बॉड्यांवर झाला आणि दर वेळी मी एकच निष्कर्ष काढला: बॅटरी खराब आहे, बाजूला टाका. त्यातल्या दोन वेळा मी चुकलो होतो. एकदा दोष चार्जरचा निघाला, एकदा काँटॅक्टवर, म्हणजे वीज जाण्यासाठीच्या धातूच्या पट्ट्यांवर, बसलेल्या मळाचा. चांगल्या बॅटऱ्या मी मोडीत काढल्या आणि जी खरोखर बाद झाली होती ती वर्षभर बॅगेत राहिली, कारण ती अधूनमधून नीट चालायची. शेवटी रात्रीच्या आकाशाचा टाइमलॅप्स चालू असताना तिने दगा दिला. पहाटे उठून पाहिलं तर अर्ध्या रात्रीच्याच फ्रेम हातात होत्या.

तेव्हापासून मी हे नीट तपासायला लागलो. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, कॅमेरा बंद पडतो, पण आतली कारणं चार असतात. बॅटरी कॅमेऱ्याशी नीट बोलत नाही, काँटॅक्ट नीट भिडत नाहीत, सेलमध्ये दम नाही, किंवा चार्जर ती पूर्ण भरतच नाही. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, त्यामुळे आधी आपलं कारण कोणतं ते कळलं पाहिजे.

तपासणीआधी एक काम करा. प्रत्येक बॅटरीवर पर्मनंट मार्करने क्रमांक आणि वापरायला सुरुवात केल्याचा महिना लिहा. स्टिकर किंवा कागदी टेप लावू नका. बॅटरीचा कप्पा इतका मापात असतो की टेपच्या जाडीनेही बॅटरी आत अडकते. क्रमांक नसतील तर चार सारख्या दिसणाऱ्या बॅटऱ्यांपैकी कोणती कधी रुसली हे तुम्हाला आठवणार नाही, आणि पुढची सगळी तपासणी त्या आठवणीवरच उभी आहे.

टक्के खोटे का पडतात

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांच्या बहुतेक बॅटऱ्यांत दोन लिथियम-आयन सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६ किंवा ३.७ असतं, म्हणून लेबलवर ७.२ किंवा ७.४ व्होल्ट लिहिलेलं दिसतं. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे दोन्ही मिळून ८.४. लिथियम-आयनचा स्वभाव असा की सुरुवातीला आणि शेवटी व्होल्टेज झपाट्याने पडतं, मधल्या मोठ्या टप्प्यात मात्र ते फार हळू उतरतं. त्यामुळे नुसतं व्होल्टेज मोजून किती चार्ज उरला हे सांगणं म्हणजे अंदाजाचा खेळ. मधल्या टप्प्यात व्होल्टेज जरासं हललं तरी टक्क्यांचा हिशेब मोठ्या फरकाने चुकतो.

कॅमेरा कंपन्यांनी यावर उपाय म्हणून बॅटरीतच एक चिप बसवली. बॅटरीत किती करंट गेला आणि किती बाहेर आला याचा हिशेब ती ठेवते आणि विचारल्यावर कॅमेऱ्याला सांगते. सोनीने याला इन्फोलिथियम असं नाव दिलं. कॅननच्या एलपी-ई६ मालिकेत उरलेले टक्के, त्या चार्जवर काढलेल्या फोटोंची संख्या आणि ‘रिचार्ज परफॉर्मन्स’ (बॅटरी अजून किती चांगली भरते ते) मेनूत पाहता येतात. निकॉनच्या अनेक बॉड्यांत बॅटरीचं वय ० ते ४ अशा पायऱ्यांत दिसतं. हे सगळं चिपच्या भरवशावर चालतं.

थर्ड पार्टी बॅटरी बनवणारा ही चिप उलगडून तिची नक्कल करतो. काहींना ती चांगली जमते. काहींची चिप कॅमेऱ्याला ‘मी ओळखीची आहे’ एवढं पटवते, पण हिशेब कच्चा ठेवते. आतल्या सेलची खरी क्षमता वेगळी आणि चिपमध्ये भरलेला आकडा वेगळा असला, की पडदा ६० म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तळ आलेला असतो. माझ्याकडच्या एका जोडीत तर दोन्ही बॅटऱ्या कॅमेऱ्याला एकच अनुक्रमांक सांगत होत्या, त्यामुळे कॅमेरा दोघींना एकच बॅटरी समजून चालला होता.

आता दुसरी गोष्ट, जिच्याकडे फारच कमी लोक पाहतात: सेलचा आतला रोध. रोध म्हणजे करंट वाहताना सेल स्वतःच किती व्होल्टेज गिळतो ते. साधं गणित करू. समजा शटर, फोकस मोटर आणि स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी यंत्रणा) एकदम चालू झाले आणि क्षणभर २ अँपिअर करंट ओढला गेला. बॅटरीचा रोध ०.१ ओहम असेल तर ०.२ व्होल्ट आतच जातात, कॅमेऱ्याला पत्ताही लागत नाही. रोध ०.५ ओहम असेल तर एक अख्खा व्होल्ट जातो. बॅटरी ७.३ व्होल्टवर असेल तर त्या क्षणी कॅमेऱ्याला ६.३ दिसतात, आणि बॅटरी संपली असं समजून तो स्वतःला बंद करतो. करंट थांबला की व्होल्टेज परत वर येतं. म्हणूनच बॅटरी काढून घातल्यावर ती ‘जिवंत’ झालेली दिसते. हलक्या दर्जाच्या, जुन्या किंवा थंड पडलेल्या सेलचा रोध जास्त असतो.

या दोन्ही कारणांचं बाहेरचं रूप एकच, पण त्यांना वेगळं ओळखता येतं. संशय असलेली बॅटरी घाला, स्टॅबिलायझर बंद करा, फोकस मॅन्युअल करा आणि एकेक फोटो सावकाश काढा. कॅमेरा नीट चालत राहिला, आणि ऑटोफोकस व बर्स्ट (सलग झटपट फोटो) चालू केल्यावर लगेच पडला, तर रोध वाढलाय. ती बॅटरी म्हातारी आहे, तिच्याकडून जड काम होणार नाही. उलट हलक्या कामातही ती ६० टक्क्यांवरून थेट शून्यावर गेली, तर चिपचा हिशेब चुकतोय. अशा वेळी बॅटरी कॅमेऱ्यात पूर्ण उतरू द्या, मग एका बैठकीत पूर्ण चार्ज करा. दोन-तीनदा हे केल्यावर काही बॅटऱ्यांचा आकडा ताळ्यावर येतो. एक लक्षात घ्या, याने फक्त आकडा सुधारतो. सेलची क्षमता कशानेही वाढत नाही. आणि नेहमीची सवय म्हणून लिथियम बॅटरी पूर्ण उतरवू नका, त्याने तिचं आयुष्य कमी होतं.

‘ही बॅटरी वापरता येणार नाही’

कॅमेरा चालू होताच असा संदेश येतो. कॅननच्या बॉड्या बॅटरीशी संपर्क होत नाही असं सांगून ती वापरायची का असं विचारतात, नव्या बॉड्या तर बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का असंही विचारतात. निकॉन आणि सोनी योग्य मॉडेलची बॅटरी वापरा म्हणून थेट नकार देतात. कॅननमध्ये ‘हो’ म्हणून पुढे जाता येतं, पण त्यानंतर उरलेला चार्ज नीट दिसत नाही.

पहिल्यांदा बॅटरीचे आणि कॅमेऱ्याच्या कप्प्यातले काँटॅक्ट पुसा. अधिक आणि उणे सोडून बॅटरीला आणखी एक-दोन काँटॅक्ट असतात. त्यातला ‘टी’ लिहिलेला तापमानाचा, आणि दुसरा कॅमेऱ्याशी बोलण्याचा. यातल्या एकावर मळ बसला तरी वीज येत राहते, पण बोलणं तुटतं, आणि अस्सल बॅटरीलाही कॅमेरा ओळखत नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरेसं आहे. खोडरबराने घासण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही, कारण काँटॅक्टवरचा मुलामा त्याने झिजतो. कॅमेऱ्याच्या आतले काँटॅक्ट स्प्रिंगचे असतात, ते वाकवू नका.

पुसूनही संदेश येतच असेल तर पाहा, तो फर्मवेअरच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटनंतर सुरू झाला का? हे होऊ शकतं आणि नवीनही नाही. २००९ मध्ये पॅनासॉनिकने काही लुमिक्स मॉडेलसाठी असं फर्मवेअर काढलं होतं, की त्यानंतर कॅमेरा फक्त कंपनीच्याच बॅटऱ्या स्वीकारायचा. सुरक्षिततेचं कारण कंपनीने दिलं होतं. काल चालत होती आणि आज चालत नाही, मधे फक्त अपडेट झालं, तर दोष सेलमध्ये शोधण्यात अर्थ नाही. नावाजलेले थर्ड पार्टी उत्पादक अशा वेळी चिप सुधारून नवी आवृत्ती काढतात, त्यामुळे विक्रेत्याकडे बदलून मागण्याचा हक्काने प्रयत्न करा.

आणि अपडेट करताना कॅमेऱ्यात अस्सल, पूर्ण भरलेली बॅटरीच असू द्या. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर बॉडी निकामी होऊन सर्व्हिस सेंटरला न्यावी लागू शकते. सेन्सर हाताने साफ करतानाही हाच नियम. डीएसएलआरमध्ये त्या वेळी आरसा वर आणि शटर उघडं ठेवलेलं असतं. मधेच वीज गेली तर ते खाली येऊन तुमच्या हातातल्या स्वॅबवर आदळतं. ६० टक्क्यांवर कोसळणाऱ्या बॅटरीवर ही दोन कामं करणं म्हणजे कॅमेरा पणाला लावणं आहे.

प्रत्येक नकार थर्ड पार्टीमुळे नसतो

हे मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण यात लोक नाहक दुसऱ्या बॅटऱ्या घेतात. एकाच आकाराच्या बॅटरीच्या अनेक आवृत्त्या असतात आणि त्या सगळ्या सारखं वागत नाहीत, अगदी त्याच कंपनीच्या असल्या तरी.

निकॉनची ईएन-ईएल१५ ही २०१० मध्ये डी७००० सोबत आली. पुढे ए, बी, सी अशा आवृत्त्या निघाल्या, आकार तोच. झेड६ सारख्या बॉडीत यूएसबी केबल लावून बॅटरी कॅमेऱ्यातच चार्ज करायची असेल तर बी किंवा सी आवृत्ती लागते. मूळ आणि ए आवृत्ती त्याच बॉडीत वापरता येते, पण कॅमेऱ्यात चार्ज होत नाही. मग कोणी मूळ आवृत्तीची नक्कल असलेली बॅटरी घालून रात्रभर केबल लावून ठेवतो आणि सकाळी बॅटरी जशीच्या तशी पाहून उत्पादकाला दोष देतो. अस्सल बॅटरीनेही तिथे तेच केलं असतं.

कॅननकडे एलपी-ई६ २००८ मध्ये ५डी मार्क २ सोबत आली, १८०० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता). मग १८६५ ची एलपी-ई६एन, मग २०२० मध्ये आर५ आणि आर६ सोबत २१३० ची एलपी-ई६एनएच. ईओएस आर पासूनच्या बॉड्यांत पीडी-ई१ या यूएसबी अडॅप्टरने मूळ एलपी-ई६ चार्ज होत नाही, एन आणि एनएच होतात. २०२४ च्या आर५ मार्क २ मध्ये एलपी-ई६पी आली, आणि त्या बॉडीत कॅननचीच एनएच घातली तरी काही सुविधा बंद राहतात, कारण बॉडीला बॅटरीकडून जास्त करंट हवा असतो. त्यामुळे बर्स्टचा वेग कमी पडतोय अशी तक्रार असेल तर आधी बॅटरी कोणत्या आवृत्तीची बदली आहे ते पाहा. थर्ड पार्टीच्या डब्यावर बहुधा ‘एलपी-ई६ मालिकेसाठी’ एवढंच मोघम लिहिलेलं असतं. तुम्हाला नेमकं अक्षर हवं. फुजीफिल्मच्या एनपी-डब्ल्यू१२६ आणि १२६एस मध्येही आकार एकच आहे, पण एस आवृत्ती २०१६ मध्ये उष्णता कमी व्हावी म्हणून काढली गेली.

चार्जर

चार्जरचा दिवा झपाझप मिचकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही, ही तक्रार अस्सल चार्जरमध्ये थर्ड पार्टी बॅटरी घातल्यावर येते. अस्सल चार्जर ‘टी’ काँटॅक्टवरून बॅटरीचं तापमान वाचतो, काही चार्जर चिपशीही बोलतात. उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं नाही तर ते नकार देतात. त्या बॅटरीसोबत आलेल्या चार्जरवर ती चार्ज होते का पाहा. झाली तर प्रश्न सुसंगतीचा आहे, बॅटरी मेलेली नाही.

‘टी’ काँटॅक्टला एक रेझिस्टर जोडून चार्जरला फसवण्याची युक्ती कुणी सुचवली तर तिच्या वाटेला जाऊ नका. बॅटरी तापते आहे हे कळण्याचा चार्जरकडे तोच एक मार्ग आहे. तो बंद केला की सेल कितीही तापला तरी चार्जर भरतच राहील. काही हलक्या बॅटऱ्यांत तापमापकाच्या जागी आतच एक स्थिर रेझिस्टर बसवलेला असतो. म्हणजे ही युक्ती त्यांच्यात कारखान्यातच झालेली असते. हे तपासायची सोपी रीत आहे. मल्टीमीटरने ‘टी’ आणि उणे यांमधला रोध खोलीच्या तापमानाला मोजा, मग बॅटरी थोडा वेळ मुठीत किंवा खिशात गरम करून पुन्हा मोजा. तापमापक खरा असेल तर आकडा स्पष्ट खाली येईल. जागचा हललाच नाही, तर ती बॅटरी मी तरी माझ्या चार्जरला लावणार नाही. मात्र मीटरच्या पिना अधिक-उणे काँटॅक्टवर एकमेकींना टेकू देऊ नका. तेवढ्यानेही शॉर्ट होतं.

आता उलटी तक्रार: दिवा हिरवा होतो, पण बॅटरी लवकर संपते. चार्जरवरून काढल्यावर काही मिनिटांनी व्होल्टेज मोजा. दोन सेलची बॅटरी ८.३ ते ८.४ च्या आसपास हवी. ८ च्या खाली असेल तर दोन शक्यता आहेत. एक, चार्जरच लवकर थांबतोय. दुसऱ्या चांगल्या बॅटरीवर तोच चार्जर लावून मोजलं की हे कळतं. दोन, आतले दोन सेल एकमेकांना जुळलेले नाहीत. एक आधी भरतो आणि बॅटरीतलं संरक्षक सर्किट चार्जिंग तोडतं, दुसरा अर्धवट उपाशी राहतो. वापरताना मग तोच उपाशी सेल आधी तळाला जातो आणि पुन्हा सर्किट वीज तोडतं. सेल जुळवून निवडायला वेळ आणि पैसा लागतो, आणि स्वस्त बॅटरीत काटछाट नेमकी तिथेच होते. याला घरी उपाय नाही.

दोन बॅटऱ्यांच्या यूएसबी चार्जरबद्दल एवढंच: तो कशाला जोडला आहे ते पाहा. लॅपटॉपच्या साध्या पोर्टला जोडला तर पुरेसा करंट मिळत नाही आणि दोन्ही बॅटऱ्या कूर्मगतीने भरतात. चांगल्या अडॅप्टरला लावून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

एखादी बॅटरी महिनोन्‌महिने तळाशी पडून राहिली की संरक्षक सर्किट ती पूर्ण तोडून टाकतं आणि मीटर शून्य दाखवतो. काही चार्जर अगदी कमी करंट देऊन तिला जागं करतात. एकदा लावून पाहायला हरकत नाही, पण समोर बसून. जागी झाली नाही तर बाहेरून जबरदस्तीने करंट देऊ नका. अतिउतरलेल्या सेलमध्ये आतून नुकसान झालेलं असू शकतं आणि ते चार्ज करताना उफाळतं.

लेबलवरचे एमएएच

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. ७.२ व्होल्ट आणि १८०० एमएएच म्हणजे साधारण १३ वॉट-तास. लेबलवर तीनही आकडे असतील तर गुणाकार करून पाहा. जुळत नसेल तर त्या लेबलवरचं काहीच खरं मानू नका. एलपी-ई६ च्याच आकारात कॅनन २१३० वर पोचली ती बारा वर्षांनी. त्याच डब्यात कोणी ३००० एमएएच देतो म्हणत असेल तर त्याला सेलमध्ये जागा कुठून मिळाली हा प्रश्न विचारायलाच हवा.

यूएसबी मीटर लावून क्षमता मोजणारे बरेच जण एक चूक करतात. मीटर ५ व्होल्टच्या बाजूला एमएएच मोजतो. तिथे ३००० दिसले म्हणजे १५ वॉट-तास आत गेले. ७.२ व्होल्टच्या बॅटरीत ते साधारण २१०० एमएएचच्या बरोबरीचे, आणि त्यातूनही रूपांतरात जाणारा भाग वजा करायचा. ५ व्होल्टचा आकडा लेबलशी थेट ताडून पाहिला की खोटी बॅटरीही खरी ठरते.

माझा भर कॅमेऱ्यातल्या चाचणीवर असतो. ट्रायपॉड, तीच लेन्स, तेच कार्ड, मॅन्युअल फोकस, स्टॅबिलायझर बंद, पडदा बंद, ब्लूटूथ बंद. इंटर्व्हल टायमरवर दर १० सेकंदाला एक फोटो, बॅटरी संपेपर्यंत. आधी अस्सल बॅटरी, मग एकेक थर्ड पार्टी. दर शंभर फोटोंना टक्के वहीत लिहा. शेवटची संख्या तर कळतेच, पण खरी माहिती उताराच्या चालीत असते. सावकाश, समान उतरणारी बॅटरी संख्येने थोडी कमी पडली तरी विश्वासाची असते. जास्त फोटो देऊन ४० वरून एकदम शून्यावर येणारी बॅटरी मला नको. मॅन्युअलमध्ये छापलेल्या फोटोंच्या संख्येशी तुलना करू नका. ती सीपा या कॅमेरा उद्योगाच्या जपानी संघटनेच्या प्रमाणित चाचणीची असते: २३ अंश सेल्सिअस, दर ३० सेकंदाला एक फोटो, फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश, दर दहा फोटोंनी कॅमेरा बंद-चालू. तुमचा वापर तसा नसतो. अस्सल बॅटरी तुमच्याच हातात किती चालते, तीच मोजपट्टी.

बंद कॅमेऱ्यात रात्रीत उतरते

बॅटरी भरून कॅमेऱ्यात ठेवली आणि दोन दिवसांनी निम्मी झाली, तर ती बाहेर काढून तितकेच दिवस ठेवून पाहा. बाहेर टिकली, तर वीज कॅमेरा पितो आहे. ब्लूटूथची फोनशी सततची जोडणी आणि काही बॉड्यांतलं जीपीएस कॅमेरा बंद असतानाही चालू राहतं. मेनूत जाऊन ते बंद करा. बाहेर ठेवूनही आठवड्यात मोठी घट झाली तर सेलमध्येच गळती आहे. चांगला लिथियम सेल महिन्याला जेमतेम काही टक्के उतरतो. गळणारी बॅटरी सुधारत नाही. तिला निवृत्त करा.

थंडीत मात्र निकाल देण्याची घाई नको. गारठ्यात रासायनिक क्रिया मंदावते, रोध वाढतो आणि अस्सल बॅटरीही आकडा खाली आणते. अंगाजवळच्या खिशात गरम केली की बराचसा चार्ज परत दिसतो. शून्य अंशाच्या खाली चार्ज मात्र करू नये, लिथियमचा थर सेलच्या आत चढतो आणि तो परत जात नाही.

बॅटरी ग्रिपमध्ये (कॅमेऱ्याखाली लावायची, दोन बॅटऱ्या घेणारी मूठ) एक अस्सल आणि एक थर्ड पार्टी असं मिश्रण टाळा. दोघींचं वय आणि मेक एकच ठेवा, नाहीतर वर सांगितलेले सगळे दोष एकत्र येतात आणि कोणता कुणाचा ते कळत नाही.

बॅटरी हलते, किंवा बाहेरच येत नाही

कॅमेऱ्याला धक्का बसला, पट्ट्यावरून झोका गेला आणि तो बंद झाला, तर बॅटरी कप्प्यात सैल आहे. नक्कल करताना साचा किंचित लहान पडला की काँटॅक्ट क्षणभर सुटतात. फोटो कार्डवर लिहिला जात असताना हे झालं तर त्या फोटोची फाइल खराब होते, कधी अख्खं कार्डही वाचता येत नाही. कागदाची घडी घालून सैल बॅटरी घट्ट करणाऱ्यांना मी सांगतो, असं करू नका. बॅटरी गरम झाली की प्रसरण पावते आणि ती घडी मग तिला बाहेर येऊ देत नाही. सैल बॅटरी परत करा.

उलट बॅटरी आधी नीट जायची आणि आता अडकते, खटका सोडला तरी वर येत नाही, असं असेल तर ती फुगायला लागली आहे. सेलमधलं इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन आत वायू धरतो. सपाट टेबलावर ठेवून बोटाने दाबा. डुलली तर फुगलीच. ती चार्ज करायची नाही, वापरायची नाही, दाबून सपाट करायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. अस्सल बॅटऱ्याही याला अपवाद नाहीत: निकॉनने २०१२ मध्ये ईएन-ईएल१५ च्या काही लॉट परत मागवल्या होत्या, त्या तापून त्यांचं आवरण वाकण्याचा धोका होता.

अडकलीच तर कॅमेरा उलटा धरून खटका दाबा आणि तळहातावर हलके टिचके मारा. तरी नाही आली तर चिकट टेपची पट्टी बॅटरीच्या दिसणाऱ्या बाजूला पक्की चिकटवून सरळ वर ओढा. स्क्रू ड्रायव्हर किंवा चिमटा आत घालू नका. फुगलेल्या बॅटरीचं आवरण फाटलं तर कॅमेऱ्याच्या आतच आग लागू शकते. एवढं करूनही हलली नाही तर बॉडी तशीच सर्व्हिस सेंटरला द्या आणि बॅटरी फुगली आहे हे आधी सांगा. बाहेर आलेल्या बॅटरीच्या काँटॅक्टवर टेप लावा, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे पोचवा, घरच्या कचऱ्यात नको.

प्रवासात सुट्या बॅटऱ्या विमानाच्या केबिन बॅगेतच न्यायच्या असतात, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, आणि काँटॅक्ट झाकलेले हवेत. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात, पण लेबलवर वॉट-तास छापलेले नसतील तर तपासणीत तुमच्याकडे दाखवायला काही राहत नाही. लांब साठवायच्या असतील तर निम्म्या भरून, थंड कोरड्या जागी.

माझ्या बॅगेत आज दोन अस्सल आणि तीन थर्ड पार्टी बॅटऱ्या आहेत, सगळ्या क्रमांक घातलेल्या. थर्ड पार्टीपैकी दोन वर सांगितलेल्या चाचणीत सावकाश उतरल्या, त्या रोजच्या कामाला. तिसरी ४० वर कोसळते, म्हणून तिच्यावर लाल फुली मारली आहे आणि ती फक्त घरात मेनू पाहायला आणि कार्डवरचे फोटो उतरवायला वापरतो. रात्रभराचा टाइमलॅप्स, फर्मवेअर आणि सेन्सरची सफाई फक्त अस्सलवर. एक विनंती: डब्यावर मोठ्या कंपनीचं नाव खोटं छापलेली बॅटरी आणि स्वतःच्या नावाने विकली जाणारी थर्ड पार्टी बॅटरी यांना एका मापाने मोजू नका. दुसरीच्या मागे जाब विचारायला कोणीतरी असतं. पहिली विकणाऱ्याने नावापासूनच खोटं सांगितलेलं असतं, त्यामुळे आतल्या सेलबद्दल तो काय म्हणतो ते ऐकण्यातही अर्थ नाही. तिचे काँटॅक्ट पुसत आणि तिचा आकडा ताळ्यावर आणत बसू नका. ती थेट ई-कचऱ्यात जाऊ द्या.